बाळंतपणानंतर टमी टक : तारीख सगळ्यांत शेवटी ठरवा

टमी टक मनात असलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा तारीख ठरवूनच येतात. "मेमध्ये नणंदेचं लग्न आहे, त्याआधी उरकून टाकायचंय." बाळ असतं सात महिन्यांचं, अंगावर पीत असतं. हिमोग्लोबिन नऊ. घरात पाणी भरायला दुसरं माणूस नाही. पण तारीख मात्र पक्की!

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन करत नाही. पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बायका माझ्याच चटईवर येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कुठूनही आल्या तरी चूक तीच. जे शेवटी करायचं ते आधी करतात आणि जे आधी करायचं ते ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी आठवतं. म्हणून हा क्रम लिहून काढला. वरून खाली जा, मधला टप्पा गाळू नका.

टमी टकमध्ये काय करतात ते एकदा समजून घ्या. ओटीपोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा छेद घेतात, जास्तीची कातडी आणि तिच्याखालची चरबी काढतात, मधोमध फाकलेले स्नायू शिवून जवळ आणतात आणि बेंबीसाठी कातडीत नवी जागा करतात. हे मोठं ऑपरेशन आहे. वजन कमी करायचा हा उपाय नव्हे.

१. पोट कशामुळे दिसतंय, ते ओळखा

"पोट सुटलंय" म्हणताना चार निराळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या जातात. ढिली कातडी, फाकलेले स्नायू, चरबी आणि हर्निया. प्रत्येकीचा उपाय वेगळा. सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, जमिनीवर चटई टाकून उताण्या झोपा.

पहिल्यांदा नुसतं बघा. झोपल्यावर पोट खाली बसलं आणि कातडी दोन्ही बाजूंना ओघळली, तर प्रश्न कातडीचा किंवा स्नायूंचा आहे. झोपूनही पोट पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं गोल राहिलं, तर चरबी आत, आतड्यांभोवती आहे. ती टमी टकमध्ये निघत नाही. उलट आत जागा नसताना वरून स्नायू ओढून शिवले, तर शुद्धीवर आल्यावर श्वास पुरत नाही. अशा पोटाला आधी वजन कमी करणं, दुसरा रस्ता नाही.

मग बोटांची चाचणी. गुडघे दुमडा, तळपाय जमिनीवर. उजव्या हाताची बोटं बेंबीच्या दोन इंच वर, मध्यरेषेवर आडवी ठेवा. आता मान आणि खांदे थोडे उचला, फक्त छातीकडे बघण्याइतके. दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कडा बोटांना दाबतील. मध्ये किती बोटं मावतात? एक-दीड असेल तर काळजी नको. दोनपेक्षा जास्त असतील तर स्नायू फाकलेत असं धरा. हेच बेंबीवर आणि बेंबीखाली करून बघा. मान उचलताना मधोमध उलट्या होडीसारखा उंचवटा आला, तर तीही तीच खूण.

मोजताना बायका दोन ठिकाणी चुकतात. पार उठून बसल्यासारखं उठतात, त्यानं फट खोटी कमी दिसते. किंवा बोटं उभी खुपसतात आणि दुखलं की सोडून देतात. बोटं आडवी, मान जराशीच वर.

शेवटी बेंबीपाशी किंवा सिझरच्या व्रणापाशी बोट ठेवून खोका. बोटाखाली काही टपकन बाहेर आलं, तर हर्निया असू शकतो. मग माझ्याकडे येऊन काही व्हायचं नाही, आधी सर्जनला दाखवून सोनोग्राफी करा.

थांबा : खोकताना, शिंकताना लघवी होत असेल किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. वरचं पोट घट्ट शिवल्यावर खालचा भार वाढतो, म्हणून ह्याचा निकाल आधी लागायला हवा.

२. चार घड्याळं आणि सगळ्यांत मागचं घड्याळ

"डिलिव्हरीनंतर किती महिन्यांनी?" ह्याचं एका आकड्यातलं उत्तर मागितलं जातं आणि तिथंच गाडी रुळावरून घसरते. घड्याळं चार आहेत.

बाळंतपणाचं घड्याळ : किमान ६ महिने, माझ्या मते वर्ष. गर्भाशय मूळ आकाराला यायलाच ६ आठवडे लागतात. स्नायूंमधली फट पहिल्या दोन महिन्यांत झपाट्यानं भरते, पुढे हळूहळू. चौथ्या महिन्यातलं पोट आणि बाराव्या महिन्यातलं पोट ह्यांत इतका फरक पडतो, की काही बायका वर्षभरानं ऑपरेशनचं नावही काढत नाहीत.

दुधाचं घड्याळ : अंगावरचं पाजणं पूर्ण थांबल्यावर किमान ३ महिने, शक्यतो ६. आणि ऑपरेशनसाठी म्हणून बाळाचं दूध तोडू नका. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं किंवा त्यापुढेही पाजायला सांगते. बाळ स्वतःहून सोडेल तेव्हा हे घड्याळ सुरू करा.

वजनाचं घड्याळ : सलग ६ महिने वजन दोन-तीन किलोंच्या आत राहिलेलं. दर महिन्याला एकाच काट्यावर, सकाळी. किराणा दुकानातला एक आणि जिममधला एक, असे काटे बदलत मोजलेलं वजन धरू नका. ऑपरेशननंतर दहा किलो वाढले तर कातडी पुन्हा ताणते, दहा उतरले तर पुन्हा लोंबते. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ३० च्या वर असेल तर बरेच सर्जन आधी वजन उतरवायला सांगतात, आणि ते तुमच्याच भल्याचं असतं.

कुटुंबाचं घड्याळ : आणखी मूल हवं असेल, किंवा "बघू" असं असेल, तर थांबा. टमी टकनंतर गर्भ राहू शकतो आणि बाळंतपणही होऊ शकतं, पण शिवलेले स्नायू नऊ महिने ताणले जातात आणि केलेलं काम वाया जाऊ शकतं. त्यासाठी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलंच पाहिजे असं नाही. मनात पक्कं हवं, आणि तुमच्या मनात. सासूबाईंच्या मनात दुसरा नातू असेल तर ते बोलणं आधी होऊ द्या.

ह्या चारांत जे सगळ्यांत मागे आहे, तिथून मोजा. समजा बाळंतपण जानेवारीत झालं आणि बाळानं पुढच्या मार्चमध्ये दूध सोडलं. दुधाचे सहा महिने सप्टेंबरात संपतात. दूध सुटल्यावर वजन हलतं आणि ते जूनमध्ये स्थिरावलं, तर वजनाचे सहा महिने डिसेंबरात पुरे होतात. म्हणजे बाळ दोन वर्षांचं व्हायला आलं तेव्हा. हा फार उशीर वाटतो, पण एक फायदा कुणी मोजत नाही. दहा महिन्यांचं मूल आठ-नऊ किलोंचं असतं आणि कडेवरच असतं. दोन वर्षांचं मूल पलंगावर स्वतः चढतं. ऑपरेशननंतर सहा आठवडे तुम्हाला त्याला उचलता येणार नाही, तेव्हा हा फरक कळेल.

थांबा : "सिझरच्या वेळीच पोट आवरून घ्या, एकाच भुलीत काम" असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. त्या वेळी गर्भाशय मोठं असतं, कातडी सुजलेली असते, किती काढायची त्याचा अंदाज येत नाही. शिवाय बाळंतपणाच्या आसपास रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मुळातच जास्त असतो.

३. आधी तीन-चार महिने व्यायाम

हे मी माझ्या पोटासाठी सांगत नाही! फट तीन बोटांची असली तरी योग्य व्यायामानं पोटाला आधार येतो, कंबरदुखी कमी होते आणि काहींचा ऑपरेशनचा विचारच मागे पडतो. ज्यांचा पडत नाही त्यांना ऑपरेशननंतर सावरणं सोपं जातं. श्वास सोडत खालचं पोट आत घेणं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरणं, एक पाय सरकवणं, इथून सुरुवात. मोबाईलवर बघून सुरुवातीलाच सिट-अप्स (उताणं झोपून उठून बसणं) करू नका, फट असताना त्यांनी होडी आणखी वर येते.

पोटपट्ट्याबद्दल एक. सव्वा महिना सुती धोतर घट्ट गुंडाळायची आपल्याकडची रीत आहे. तात्पुरता आधार म्हणून ठीक. पण पट्ट्यानं स्नायू जुळत नाहीत, आणि फार आवळला तर भार खाली जातो.

४. मिश्री, रक्त, साखर, गोळ्या

"तंबाखू?" "छे, छे." "मिश्री?" "ती काय, दातांना लावते नुसती."

हा संवाद माझ्या खोलीत इतक्यांदा झालाय की आता मी पहिला प्रश्न मिश्रीचाच विचारते. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू घरचाच, तव्यावर भाजून काळी पूड केली की त्याला कुणी तंबाखू म्हणत नाही. पण हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातंच. दिवसातून चार वेळा डबी उघडणारी बाई स्वतःला निर्व्यसनी सांगते आणि सर्जन तसं लिहून घेतो.

इथे हे इतकं महत्त्वाचं का? टमी टकमध्ये पोटाची कातडी खालून सोडवून वर उचलतात आणि खाली ओढून शिवतात. तिच्या बऱ्याच रक्तवाहिन्या त्यात कापल्या जातात. उरलेल्या बारीक वाहिन्यांवर ती जगते आणि निकोटिन नेमक्या त्याच आवळतं. मग व्रणाच्या मधोमध, जिथे ताण सर्वांत जास्त, तिथली कातडी काळी पडते, सुटते, आणि महिनोन्‌महिने ड्रेसिंग चालतं. मी अशी एक जखम पाहिली आहे, हाताच्या पंजाएवढी. त्या बाईंनी मिश्री ऑपरेशनच्या आधी आठवडाभर सोडली होती आणि घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा लावली होती.

किमान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर पूर्ण बंद, ६ असतील तर उत्तम. विडी, सिगारेट, गुटखा, तपकीर, निकोटिनचं च्युइंगगम, सगळं ह्यात आलं. घरात कुणी ओढत असेल तर त्यांनी अंगणात. विड्या वळायचं काम करत असाल तर तेही सर्जनला सांगा, तंबाखूची धूळ अंगात जाते. जमत नसेल तर लाजू नका, खरं सांगा. तारीख पुढे ढकलता येते, मेलेली कातडी परत आणता येत नाही.

रक्त : स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. नऊ-दहावर असलेल्या बाईनं आधी लोहाच्या गोळ्या दोन-तीन महिने घ्याव्यात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चालेल.

साखर आणि थायरॉइड : गरोदरपणात साखर वाढली होती का? मग एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी) करून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणंही नेहमीचं आहे, आणि "काही केलं तरी वजन उतरत नाही" ह्याचं कारण कधी कधी तेच निघतं.

औषधं : घेत असलेल्या सगळ्या औषधांची कागदावर यादी करा. त्यात गर्भनिरोधक गोळ्या, ॲस्पिरिन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, वैद्यांचे काढे, वजन कमी करायची पावडर, सगळं आलं. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्त गोठण्याचा धोका वाढतो, बरेच सर्जन त्या महिनाभर आधी बंद करायला सांगतात. बंद काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, तुमचं काम लपवायचं नाही एवढंच. बंद केल्यावर दुसरा उपाय वापरा, नाहीतर आधीच्या टप्प्यावरची सगळी घड्याळं पुन्हा सुरू.

आणि मन. रडू येणं, झोप नसणं, बाळाकडेही बघवत नाही असं वाटणं, हे सुरू असेल तर आधी त्यावर उपचार घ्या. "अजून एक आहे की काय पोटात?" असं कुणीतरी हळदीकुंकवाला म्हणालं म्हणून टेबलावर जाऊ नका.

५. सर्जन निवडणं आणि सहीचा कागद

आता, इथे पोचल्यावर, सर्जनची भेट. आधी नाही.

पदवी बघा. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा त्याच विषयातली डीएनबी वा डीआरएनबी. एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीची तीन वर्षं आणि मग प्लास्टिक सर्जरीची तीन, असा तो नेहमीचा रस्ता आहे. "कॉस्मेटॉलॉजी"चा काही महिन्यांचा डिप्लोमा म्हणजे हे नव्हे. सर्जन कर्नाटकात असेल तर नाव कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे, कोल्हापूर-मिरजेत असेल तर महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे नोंदलेलं असतं. कर्नाटकात खाजगी दवाखान्याला २००७ च्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असायला हवं. नसेल तर विचारा.

भूल देणारा डॉक्टर कोण, रात्री दवाखान्यात कोण थांबतं, अतिदक्षता विभाग आहे का, नसेल तर कुठे हलवणार, हे चार प्रश्न मी प्रत्येकीला पाठ करायला लावते. आपल्या आधी केलेल्या बायकांचे सहा महिन्यांनंतरचे फोटो दाखवा म्हणा. पंधराव्या दिवशीचे फोटो सगळ्यांचेच चांगले दिसतात.

तुमच्या बाबतीत काय होणार, हेही नेमकं विचारा. बेंबीखालच्या कातडीवरचे पांढरे चट्टे बहुधा निघून जातात, वरचे खाली सरकतात पण राहतात. सिझरचा आडवा व्रण बहुतेकदा त्याच छेदात निघतो. पोटावर उभा जुना टाका असेल किंवा पित्ताशयाच्या उघड्या ऑपरेशनचा तिरका व्रण असेल, तर आवर्जून दाखवा. त्यानं रक्तपुरवठ्याचा हिशोब बदलतो.

कुठे करायचं? निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ, अथणीवाल्यांना मिरज-सांगली, खानापूरवाल्यांना बेळगाव. लांबच्या मोठ्या नावाच्या मागे पुण्याला जाणाऱ्याही असतात. पहिल्या महिन्यात चार-पाच फेऱ्या होतात हे लक्षात ठेवा. जखमेतलं पाणी बाहेर काढायला लावलेली नळी अडकली, जखम ओली झाली तर दीड तासात सर्जनसमोर पोचता येईल असं ठिकाण निवडा. पुण्यातच करायचं असेल तर नळ्या निघेपर्यंत तिथंच कुणाकडे तरी राहायची सोय बघा.

संमतीचा कागद. आपल्या भागात तो कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत पुढे येतो, आणि बायका मान डोलावून सही करतात. मराठी वाचणारी, कन्नड बोलणारी, इंग्रजी जेमतेम, अशी आपली गंमत असते. समजलं नाही तर मराठीतून समजावून सांगायला लावा, त्यात संकोच कसला? टमी टक एकटं, की सोबत लायपोसक्शन (नळीनं चरबी ओढून काढणं), की हर्नियाही, हे शब्दाशब्दानं लिहिलेलं हवं. एका ऑपरेशनची संमती दुसऱ्याला चालत नाही, जिवावरचा प्रसंग सोडून, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली स्पष्ट केलेलं आहे. कागद आदल्या दिवशी मागून घ्या. ऑपरेशनचा गाऊन घातल्यावर कुणी नीट वाचत नाही.

६. पैसे

लेखी अंदाजपत्रक मागा, वेगवेगळ्या ओळींत : सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, खोली, औषधं, पट्टे, नंतरच्या भेटी. सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला आरोग्यसेवेची जीएसटी-सूट मिळत नाही, तेव्हा कर धरलाय का तेही विचारा. दुसऱ्यांदा थिएटरात न्यावं लागलं तर खर्च कुणाचा, हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारा.

आरोग्य विमा टमी टकला पैसे देत नाही. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, किंवा महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी लागू केलेली महात्मा फुले जन आरोग्य योजना, ह्यांतही केवळ दिसण्यासाठीचं ऑपरेशन बसत नाही. खरोखरचा हर्निया असेल तर त्याच्यापुरता खर्च विम्यातून मिळू शकतो, पण बहुतेक पॉलिसींत त्याला सुरुवातीची दोन वर्षं थांबावं लागतं. "सगळंच हर्निया म्हणून दाखवू" असं कुणी म्हणालं तर त्यात पडू नका. पुढे गुंतागुंत झाली तर तुमच्या फाईलमध्ये न झालेलं ऑपरेशन लिहिलेलं असेल.

७. घर आधी तयार, मग तारीख

सर्वांत जास्त इथे फसतं, म्हणून जरा थांबून सांगते.

पाणी. ज्या गल्लीत नळ चार दिवसांनी येतो, तिथे त्या दिवशी बॅरल कोण भरणार? भरलेली बादली पंधरा किलोंच्या पुढे जाते. सहा आठवडे चार-पाच किलोंवर काही उचलायचं नाही. म्हणजे बादली नाही, भरलेला कुकर नाही, पिठाचा डबा नाही, सिलिंडर तर नाहीच, आणि मूल नाही. ही यादी घरातल्यांना वाचून दाखवा. "विश्रांती घे गं" सगळेच म्हणतात. सोमवारी पाणी कोण भरणार, हे नावानिशी ठरवा.

संडास. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवं बसणं पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ अशक्य. औषधांच्या दुकानात मिळणारी भोकाची खुर्ची आणून ठेवा. अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल. झोपायला उंच पलंग, चटई नाही. पाठीमागे दोन आणि गुडघ्यांखाली दोन उशा, कारण सुरुवातीला अर्धवट बसल्यासारखं झोपावं लागतं. घराला जिना असेल तर खालची खोली.

माणूस. माहेरी जायचा बेत असेल तर आईचे गुडघे कसे आहेत ते आधी बघा. सत्तरीच्या आईनं तुमचं मूल आणि तुम्ही, दोघांचं करायचं, हा बेत कागदावरच चांगला. पहिले पाच-सहा दिवस रात्री सोबत धडधाकट माणूस हवं.

कपडे. पोटाचे दाबपट्टे दोन घ्या. पावसाळ्यात खानापूरकडे धुतलेला पट्टा दोन दिवस वाळत नाही, ओला घातला की कातडीला बुरशी येते. पुढून उघडणारे गाऊन चार. परकराची नाडी नव्या बेंबीला काचते, निदान दोन-तीन महिने तिला सुट्टी.

आता तारीख. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीनं उत्तम. एप्रिल-मेमध्ये अथणी-रायबागकडे पट्ट्याखाली घामोळं उठतं. पण ऊस असलेल्या घरात तोच गळिताचा हंगाम, टोळी दारात आली की घरची बाई झोपून राहत नाही. अशा घरांनी हंगाम संपल्यावरचे आठवडे बघावेत. नवरात्र, श्रावणी सोमवार, संकष्टी : ऑपरेशनच्या महिनाभर आधी आणि दोन महिने नंतर उपवास नको. जखम प्रथिनांवर भरते. अंडी, डाळ, मटकी, हुलगे, दही. साबुदाण्यात ती नावालाच असतात. आणि लग्न, बारसं, जत्रा ऑपरेशननंतर तीन महिने तरी दूर असावी.

तपासा : चारही घड्याळं पूर्ण? मिश्री बंद होऊन चार आठवडे? हिमोग्लोबिन ठीक? पाणी भरणाऱ्याचं नाव? एकाचंही उत्तर "बघू" असेल तर तारीख घेऊ नका.

८. ऑपरेशनचा दिवस

सांगितल्या वेळेपासून उपाशी, चहाचा घोटही नाही. सर्जन उभं करून पेनानं खुणा करतात. नेहमीची चड्डी घालून जा आणि व्रण तिच्या कडेखाली झाकला जाईल का ते आरशात स्वतः बघा, बोलायची हीच वेळ. ऑपरेशन साधारण दोन ते चार तास, दवाखान्यात एक ते तीन रात्री.

९. पहिले सहा आठवडे

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चालायचं. दुखेल. तरी चालायचं, कारण झोपून राहिलं की पायातल्या शिरेत रक्त गोठतं. पलंगातून सरळ उठू नका. गुडघे दुमडा, कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या कोपरावर जोर देऊन उठा. हे ऑपरेशनच्या आधीच आठवडाभर करून बघा, नंतर शिकायला पोट मदत करत नाही. पहिला आठवडा-दीड आठवडा कमरेत वाकूनच चालायचं. "ताठ हो गं" म्हणणाऱ्या आत्यांना बाहेरच्या खोलीत बसवा.

खोकला, शिंक, हसू आलं की उशी पोटाशी घट्ट धरा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथणं टाक्यांवर येतं. भरपूर पाणी, शिजवलेल्या भाज्या, डॉक्टरांनी दिलेलं औषध.

नळ्या. दोन्ही बाजूंना एकेक नळी आणि तिच्या टोकाला डबी असू शकते. वही घाला. तारीख, वेळ, उजवी किती, डावी किती, रंग कसा. "सकाळी उजवी ४५, डावी ६०, लालसर" अशी ओळ. लाल पाणी दिवसागणिक गुलाबी, मग पिवळट होत जातं. साधारणपणे चोवीस तासांत ३० मिलिलिटरच्या खाली आलं की सर्जन नळी काढतात. आकडा अचानक वाढला किंवा पुन्हा गडद लाल झाला तर फोन करा. नळी निघाल्यावर पोटात पाण्याची पिशवी डुचमळल्यासारखं वाटलं, तर खाली पाणी साठलंय. ओपीडीत सुईनं काढतात. घाबरू नका, पण घरी बसूनही राहू नका.

आता ती चूक, जी प्रेमापोटी होते. शेक. बाळंतिणीला शेक द्यायची सवय असलेली आई गरम पाण्याची पिशवी आणते. टमी टकनंतर खालच्या पोटाची कातडी महिनोन्‌महिने बधिर असते. चटका बसतो आणि कळत नाही. पुसताना फोड दिसतो तेव्हा समजतं. शेक नाही, शेगडी नाही, जखमेवर हळद-तेल नाही, मालिशवाल्या मावशी तर सर्जननं हो म्हणेपर्यंत अजिबात नाहीत.

तातडीनं दवाखाना : एकाच पायाची पोटरी दुखून सुजणं, अचानक धाप किंवा छातीत कळ, थंडी वाजून ताप, व्रणातून पू किंवा घाण वास, कातडी निळी-काळी पडणं. धाप आणि छातीतल्या कळेला फोनवर सल्ला मागत बसू नका, १०८ बोलवा.

दवाखान्यातून घरी येताना लांबचा रस्ता असेल तर तासातासाला गाडी थांबवून चार पावलं चाला. बसल्या जागी घोटे फिरवत राहा.

बसून करायचं काम दोन-तीन आठवड्यांनी. स्कूटी किमान चार आठवड्यांनी, तीही अचानक ब्रेक दाबताना दुखत नसेल आणि सर्जननं होकार दिला असेल तरच. पट्टा बहुधा सहा आठवडे. उचलणं सहा आठवड्यांनी, थोडं थोडं. मूल उचलण्याऐवजी तुम्ही खाली बसा आणि त्याला मांडीवर येऊ द्या, दोन दिवसांत ते शिकतं. पोटाचे जोराचे व्यायाम तीन महिन्यांनंतर. त्याआधी माझ्याकडे फक्त श्वास आणि चालणं.

१०. पुढचं वर्ष

सूज सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त, असं काही महिने चालतं. संध्याकाळी आरशासमोर उभं राहून हिशोब करू नका. व्रण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सर्वांत लाल आणि उंच दिसतो. नेमक्या त्याच वेळी बायका घाबरून फोन करतात. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी, उन्हापासून झाकणं, आणि वाट बघणं. घरात कुणाच्या व्रणाच्या गाठी होत असतील, कान टोचल्यावर सुद्धा, तर ते सर्जनला ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवा. व्रण मऊ आणि फिकट व्हायला वर्ष लागतं. व्रणाच्या टोकाला राहिलेला कातडीचा बारीक, कानासारखा उंचवटा किंवा जाड व्रण सुधारून घ्यायचा असला, तरी बाराव्या महिन्याच्या भेटीपर्यंत तो विषय काढू नका.